डोंगरावर दर्याचे गाणे

चैत्र शुद्ध सप्तमीस कार्ल्याच्या गडावर आई एकवीरेची पालखी निघते. पिंपरी-चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीस उतरून गडाची वाट धरावी, तोच समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या कुशीत, दर्याची गाणी कानी पडतात! मुंबई, ठाणे, रायगडकडील कोळी व आगरी बांधव कुलस्वामिनीच्या भेटीस पालख्या घेऊन येतात. घरधनी वादळातून सुखरूप परतावा म्हणून बोललेला नवस येथे फिटतो.

या गाण्यांचा ठेका मुळात नाचाचा नव्हे, श्रमाचा. वारा पडला की सर्वांची वल्ही एकदम पाण्यात पडली पाहिजेत. म्हणून एकाने ओळ सांगावयाची व इतरांनी ती उचलून ओढ द्यावयाची. जाळे खेचतानाही तसेच. होड्यांना इंजिने बसली आणि गाण्याचे ते काम सरले. आता बँडच्या गजरात ते दुमदुमते खरे. पण दोन ओळींमधली श्वासाची जागा त्यात बुजते, याची आम्हांस रुखरुख वाटते.

बँड पुढे निघून गेल्यावर मात्र पायऱ्यांवर दम लागलेला एखादा वृद्ध हळूच ओळ धरतो. मागचे चौघे ती उचलतात, आणि पुढची पायरी सारे बरोबरच चढतात.