कथा लिहायची आहे, पण सुरुवात कुठून?

रविवारी विहारात वंदना आटोपली आणि चपला घालत असताना एक तरुण आमच्याजवळ आला. "जयभीम वकीलसाहेब, एक कथा लिहिली आहे, वाचता का?" म्हणत त्याने मोबाईल पुढे केला. बी.कॉम. झालेला, एका दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा. कथा चाळीस-पन्नास ओळींची होती. गावात विहिरीवरून भांडण होते, मारहाण होते आणि शेवटी नायक आठ ओळींचे भाषण करतो. भाषण उत्तम होते. जयंतीच्या सभेत टाळ्या मिळाल्या असत्या.

आम्ही विचारले, "त्या विहिरीला रहाट आहे की मोटार?" तो गडबडला. म्हणाला, "विहीर आता बुजली साहेब. ते आजोबांकडून ऐकलेलं." "मग आता पाणी कुठून येतं?" "नळ आहेत. पण आपली वस्ती शेवटाला. तीन दिवसांआड सुटतं. वॉल्व्हची चावी ज्याच्याकडे आहे तो वरच्या आळीला तास-दीड तास सोडतो, आमच्याकडे वीस मिनिटं. आई पहाटे चारला उठून भांडी लावून बसते." आम्ही म्हटले, "अरे, मग ही कथा कुठे आहे?" तो गप्प झाला. ही त्याला कथा वाटलीच नव्हती.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आपल्या समाजात आज लिहिणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. कविता लिहितात, लेख लिहितात, जयंतीच्या स्मरणिका काढतात. पण कथा आणि कादंबरी म्हटली की पाऊल अडखळते. आत्मकथनांनी एक काळ गाजवला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि प्रस्थापित मराठी साहित्याला हादरा बसला. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्यामुळे असाही समज रूढ झाला की आपण फक्त आपले दुःख सांगायचे आणि कल्पनेने पात्रे उभी करण्याचे काम दुसऱ्यांचे. हा समज खोटा आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा, म्हणजे 'बलुतं'च्या पंधरा वर्षे आधीचा. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णाभाऊंनी 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्याकडे कथा आधीपासून आहे. मध्येच कुठेतरी दोर सुटला.

आता तो तरुण विचारतो, "साहेब, शिकायचं कुठे? क्लास परवडत नाही." आम्ही त्याला म्हटले, क्लास तुझ्या खिशात आहे. पण खिशातल्या त्या यंत्रात नेमके काय उघडायचे, हे कोणीतरी सांगावे लागते. आम्ही साहित्यिक नाही. कायद्याची पदवी घेऊन कोर्टात उभे राहणारे कार्यकर्ते आहोत. परंतु कथा लिहिण्याची हौस आम्हालाही होती आणि त्यात आम्ही चांगलेच तोंडघशी पडलो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक दीर्घकथा लिहिली आणि कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून ती संगणकावर करून घेतली. सीडी जपून ठेवली. एका दिवाळी अंकाला पाठवली, तिकडून आजतागायत पोच नाही. सात-आठ वर्षांनी सीडी दुसऱ्या संगणकावर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! हाताने लिहिलेली प्रत घर बदलताना रद्दीत गेली होती. त्या काळातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवत. तो फॉन्ट नसला की चित्रे जात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडत. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर तसाच दिसतो. म्हणून पहिली गोष्ट ही की, लिहायचे ते युनिकोडमध्येच. फोनमधला गुगलचा कळफलक त्यासाठी पुरेसा आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी फुकट साधने आता इंटरनेटवर मिळतात. आम्हाला ती मिळाली तोवर सीडीवर ओरखडे पडले होते. तुमच्या विहारात, मंडळात जुन्या स्मरणिकांच्या फाइली पडून असतील तर त्या आजच बदलून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

फोनवर मराठीत बोलले तर तो आपोआप लिहूनही घेतो. आजीला बोलते करण्यासाठी हे साधन सोन्यासारखे आहे. मात्र एक फसगत होते. आजी आपल्या बोलीत बोलते आणि यंत्र तिला पुण्याची करून टाकते. म्हणून आवाजही जतन करावा आणि तिचे शब्द हाताने परत बसवावेत.

शब्द अडले तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही फुकट शोधता येतात. शेतीची अवजारे, बलुत्याचे हक्क, गावगाड्यातल्या कामांची नावे, जे शब्द आपल्या आजोबांबरोबर गेले, ते तिथे सापडतात. आपल्या जातींच्या नावांखाली त्यात काय काय लिहून ठेवले आहे तेही जरूर वाचावे. राग येईल, पण कथेतला पाटील कोणत्या भाषेत बोलत असे हे कळेल. मराठी विश्वकोशही आता ऑनलाइन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. याच मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तिची जाहिरात वेळोवेळी निघते, पण ती आपल्या वस्तीत पोहोचत नाही. ती शोधून काढून विहाराच्या फलकावर लावणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.

पण कथा कशी रचायची हे कुठे शिकावे, असे कोणी विचारले तर आम्ही अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळाकडे बोट दाखवतो. तिथे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे लेखन पूर्ण वाचायला मिळते. ती कथा नाही, घडलेल्या आठवणी आहेत. तरीही कथाकाराने ती पेन हातात घेऊन वाचावी. १९०१ सालचा प्रसंग पाहा. साताऱ्याहून लहान भीमराव आणि भावंडे गोरेगावला वडिलांकडे निघतात. नवे कपडे, नवा उत्साह. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुले जात सांगतात आणि त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते, पण गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने चालणार. सोबत खायला भरपूर आहे, पण प्यायला पाणी नाही, म्हणून रात्र उपाशी जाते. संपूर्ण प्रसंगात बाबासाहेब कुठेही भाषण करीत नाहीत. आधी ते मुलांचा आनंद दाखवतात, मग तो एकेक पायरीने काढून घेतात. वाचणारा मधेच स्वतःला विचारू लागतो की या मुलांना कोणी पाणी देणार आहे की नाही? ज्यांनी आयुष्यभर भाषणे दिली, लढे दिले, त्यांनाही ठाऊक होते की इथे भाषण नको. आमच्या त्या तरुण मित्राला आम्ही एवढेच म्हटले की आठ ओळी काढ आणि आईची भांडी मोज.

इंग्रजी वाचता येत असेल तर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर हजारो जुनी पुस्तके फुकट आहेत. तिथे अँटन चेखवच्या कथा आहेत. त्याचे आजोबा भूदास होते, त्यांनी पैसे मोजून स्वतःची आणि कुटुंबाची सुटका विकत घेतली होती. नातू वैद्यकीचे शिक्षण घेता घेता घर चालवण्यासाठी साप्ताहिकांत कथा लिहीत होता. वसतिगृहात राहून घरी पैसे पाठवणाऱ्या आपल्या मुलांना हा माणूस परका वाटू नये. तिथेच चार्ल्स चेस्नट हा कृष्णवर्णीय लेखकही आहे. हा आमचा विशेष आवडता, कारण तो कोर्टात लघुलेखक होता आणि १८८७ साली त्याने ओहायोत वकिलीची परीक्षा दिली. १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले, निवडून आलेले शहराचे सरकार उलथवले. चेस्नटने त्यावर १९०१ साली 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ही कादंबरी लिहिली. त्याने शहराचे नाव बदलले, माणसे नवी घडवली. पुस्तक फारसे खपले नाही. आज ते त्या हत्याकांडाच्या बाबतीत आवर्जून वाचले जाते.

इथे आमच्या व्यवसायाचा विषय येतो. अत्याचाराच्या प्रकरणांतले निकाल आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. त्यातून कथेला कच्चा माल मिळतो, हे खरे. पंचनाम्यात चुलीवरचे भांडे कोणत्या दिशेला पडले होते हे असते. त्या भांड्यात काय शिजत होते आणि कोणासाठी, हे नसते. ती जागा कथेची आहे. परंतु एक इशारा वकील म्हणून देतो. बलात्कारपीडितेचे नाव छापणे किंवा तिची ओळख पटेल असा तपशील देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि 'कथा' असा मथळा दिला म्हणून त्यातून सुटका होत नाही. नाव बदलले पण गाव, घर, भावांची संख्या तीच ठेवली तर ओळख पटतेच. कायद्याचे सोडा, त्या घरातल्या माणसांनी तुमची कथा मोबाईलवर वाचली तर त्यांना काय वाटेल, याचा आधी विचार करावा. आम्ही अशिलांच्या गोष्टी लिहीत नाही. त्यांनी त्या आमच्यावर विश्वास टाकून सांगितलेल्या असतात.

दुसरी गोष्ट लेखकाच्या हक्काची. कथा लिहिली त्या क्षणी तिचा कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी हवीच असेल तर ती ऑनलाइन होते, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. प्रकाशकाला हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. 'प्रतिलिपि'सारख्या मंचावर कोणालाही कथा टाकता येते, 'ई साहित्य प्रतिष्ठान' मराठी पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत नेते, या चांगल्या सोयी आहेत. पण 'मान्य आहे' हे बटण दाबण्याआधी अटी वाचा. आपल्या बापजाद्यांना न वाचता अंगठे उठवायला लावले गेले. तुम्ही शिकलेले आहात! आणि हा हक्क दुसऱ्यांनाही असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत त्यांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ 'जयभीम' म्हणून पुढे ढकलणे बरोबर नाही.

एवढे सगळे फुकट मिळूनही एक गोष्ट इंटरनेटवर मिळाली नाही. 'कथा जमली नाही' असे प्रेमाने सांगणारा माणूस. गटावर कथा टाकली की दोन मिनिटांत वीस अंगठे आणि 'खूप छान सर' येते. त्यातल्या कितींनी ती वाचलेली असते? गंगाधर पानतावणे सरांच्या 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे घेतले, नवख्यांना समोर बसवून ऐकले, ऐकवले. तसे पाच जण आम्हाला आमच्या विहारात हवे होते. सध्या तीन आहेत. दर दुसऱ्या रविवारी कथा मोठ्याने वाचतो. वाचताना जीभ जिथे अडखळते तिथे खूण करतो. परवा एका बाईंनी आमच्याच पानावर अकरा खुणा केल्या.

त्या तरुणाचा गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला संदेश आला. नवी कथा जोडलेली होती. ती वॉल्व्हच्या चावीपासून सुरू होते. आई चार वाजता उठते, भांडी अकरा आहेत आणि सातव्या हंड्याला पाणी जाते. भाषण अजून आहे, पण तीन ओळींचे. त्याला येत्या रविवारी बोलावले आहे.