गरिबाघरची बंदूक

संग्रहालयातील शस्त्रांच्या दालनात शिरले म्हणजे पाहणाराची दृष्टी प्रथम मुठींकडे जाते. सोन्याच्या तारेचे नक्षीकाम, हस्तिदंत, क्वचित एखादे माणिक. ही राजेरजवाड्यांची हत्यारे होत. ती मुळातच मौल्यवान होती, म्हणून ती जतन झाली. परंतु ज्या हत्याराची किंमत त्याच्या जन्मकाळीही फारशी नव्हती, जे शेतकऱ्याच्या आढ्याला अडकविलेले असे किंवा दुकानदाराच्या गल्ल्यात पडून राही, त्याचे पुढे काय झाले? बहुतेक ठिकाणी ते गंजले, मोडीत गेले किंवा विस्मृतीत नाहीसे झाले. जी थोडी उरली, त्यांच्याविषयी मात्र जगात कित्येकांना विलक्षण ओढ वाटते. ही ओढ कशाची, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दोन अगदी भिन्न प्रदेश डोळ्यांपुढे आणावे लागतील. एक पैनगंगेकाठचे किनवट आणि दुसरा अमेरिकेचा ईशान्य भाग.

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा सागवानी जंगलाचा तालुका. निजामाच्या अमदानीत तो आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा अनेक समाजांची वस्ती येथे आहे. जंगल आणि शेत यांच्यामध्ये येथे भिंत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या ज्वारीची माती करतो. त्यामुळे पीक हुरड्यात आले की शेतात माळा उभारावयाचा आणि रात्रभर जागल करावयाची, ही येथील शेतकऱ्याची पिढ्यानपिढ्यांची रीत. गोफण, रिकामे डबे, शेकोटी आणि आरोळ्या ही जागल्याची साधने. ज्याला थोडे अधिक साधले, त्याच्याजवळ ठासणीची बंदूक असे. तिलाच या भागात भरमार असेही म्हणतात.

या बंदुकीची रचना एखाद्या लहान मुलालाही समजावी इतकी उघड आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे आणि त्यांवर पुन्हा बोळा. मागच्या बाजूस एक पोकळ बोंडी असते. तीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवावयाची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोंडीतून नळीत शिरते आणि बार उडतो. नुसते भिववावयाचे असेल तर छर्रे घालावेच लागत नाहीत. दारू आणि बोळा यांचा आवाजच कळपाला रानात परत घालवितो.

ती टोपी दिसावयास क्षुल्लक असली, तरी तिच्यामागे मोठा इतिहास आहे. तीपूर्वी बंदुकीच्या कानावर रंजक घालून ती जळत्या तोड्याने किंवा गारेच्या ठिणगीने पेटवीत असत. पाऊस आला की रंजक भिजे आणि बंदूक काठीपेक्षा अधिक उपयोगाची राहत नसे. अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. ठोका बसताच पेटणारा स्फोटक क्षार रंजकाऐवजी वापरण्याची युक्ती त्याने काढली आणि १८०७ साली तिचा एकाधिकार मिळविला. पुढे पंधरा-वीस वर्षांतच तांब्याची टोपी प्रचारात आली. जगातील सैन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठासणीच्या बंदुका टाकून दिल्या. माळ्यावरच्या जागल्याने मात्र त्या टाकल्या नाहीत, कारण त्याला लढाई करावयाची नव्हती. त्याला स्वस्त साधन हवे होते आणि ते गावच्या लोहाराच्या हातून दुरुस्त होणे आवश्यक होते.

आता दुसरे उदाहरण. याच सुमारास अमेरिकेत एक निराळेच स्वस्त हत्यार जन्मास आले. टोपी, दारू आणि गोळी ही तिन्ही एकाच धातूच्या पुंगळीत कोंडावी, ही कल्पना युरोपात रुजली होती. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास काडतुसाच्या बुडाशी स्फोटक क्षार भरून ते घोड्याच्या ठोक्याने पेटविण्याची रीत काढली. तीत सुधारणा करून स्मिथ आणि वेसन या अमेरिकन जोडीने तो क्षार पुंगळीच्या बाहेर आलेल्या काठात भरला आणि १८५७ साली सात गोळ्यांचे छोटे फिरते पिस्तूल बाजारात आणले. काडतूस मागून घालता यावे, म्हणून त्याच्या चक्रातील भोके आरपार पाडलेली होती. या आरपार भोकांचा एकाधिकार रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराने १८५५ सालीच घेऊन ठेवला होता. स्मिथ-वेसन त्याला दर पिस्तुलामागे पंचवीस सेंट देत. मात्र नक्कल करणारांवर खटले चालविण्याचा भार व्हाइटच्याच शिरावर राहिला आणि मिळालेल्या पैशाचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडला. १८६९ साली एकाधिकाराची मुदत संपली. ती वाढवून मिळावी, म्हणून काँग्रेसने केलेला ठराव अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० साली नामंजूर केला.

धरणाचा दरवाजा उघडावा तसे झाले. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर आणि कनेक्टिकटमधील नॉर्विच या गावांतून हॉपकिन्स-अ‍ॅलन, फोरहँड-वॉड्सवर्थ, आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन-रिचर्डसन अशा अनेक कारखान्यांची स्वस्त पिस्तुले बाहेर पडू लागली. अवघ्या काही डॉलरांत मिळणारी ही वस्तू कारकुनाच्या खिशात, शिंप्याच्या टेबलाच्या खणात आणि शेतावरच्या बाईच्या उशाखाली जाऊन बसली. लोखंड हलके, वर निकेलचा चकचकीत मुलामा, चापाभोवतीचे संरक्षक कडेही खर्च वाचावा म्हणून वगळलेले. कित्येकांवर कारखान्याचे नावही नसे. त्याऐवजी ‘डिफेंडर’, ‘रेड जॅकेट’, ‘ट्रॅम्प्स टेरर’ अशी भपकेबाज नावे कोरलेली असत. शेवटच्या नावाचा अर्थ ‘भटक्यांचा काळ’. माल जितका हलका, तितके नाव भारी, हा बाजाराचा नियम तेथेही चुकला नाही.

अमेरिकेतील छांदिष्ट लोक आज हीच पिस्तुले हौसेने जमवितात. नामांकित जुन्या पिस्तुलांच्या किमती सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. ही मात्र त्यांच्या अल्पांशात मिळतात. तेथील १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ सालापर्यंत घडविलेले हत्यार ‘पुराणवस्तू’ ठरते आणि मध्यवर्ती सरकारच्या बंधनांतून बहुतांशी सुटते. शिक्षक, सुतार किंवा निवृत्त टपालवाला तळहाताएवढी ती वस्तू घेऊन संध्याकाळी दिव्याखाली बसतो, तिच्या खुणा वाचतो आणि ती कोणत्या साली, कोणत्या गावी घडली असेल याचा तर्क लढवितो. थोड्या खर्चात इतिहासाचा एक तुकडा प्रत्यक्ष हाती येतो, हे या छंदाचे पहिले आकर्षण.

दुसरे आकर्षण यंत्राच्या स्पष्टतेचे. काठात क्षार भरलेल्या काडतुसाचा काठ घोड्याच्या ठोक्याने चेपला पाहिजे, तरच ते पेटते. म्हणून तो काठ पातळ आणि मऊ ठेवावा लागतो. पण काठ मऊ म्हटला की आत जोरकस दारू भरता येत नाही, नाहीतर पुंगळीच फुटावयाची. या एका अडचणीमुळे ही जात लहान गोळ्यांपुरतीच उरली आणि मोठ्या हत्यारांनी बुडाच्या मध्यभागी ठोका घेणारी काडतुसे पत्करली. शिवाय एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या व्यासाच्या असल्या काडतुसांचे नेहमीचे उत्पादन पुढे बंद पडले आणि ती पिस्तुले आपोआप मुकी झाली. सर्वांत लहान मापाचे काडतूस आजही मिळते. परंतु त्यातील आधुनिक दारूचा जोर त्या जुन्या हलक्या लोखंडाने सोसावा, अशी अपेक्षा जाणते लोक करीत नाहीत.

किनवटची भरमार आणि अमेरिकेचे हे पिस्तूल यांतील भेद येथे लख्ख दिसतो. पिस्तूल कारखान्याच्या काडतुसावर जगले. कारखान्याने पाठ फिरविताच ते संपले. भरमारीला कारखान्याची गरज टोपीपुरतीच. बाकी सारे ज्याच्या त्याच्या हाताचे. त्यामुळे सैन्यांनी टाकून दिल्यानंतरही ती शंभर वर्षे कामावर राहिली. दोन्ही वस्तू स्वस्त होत्या, परंतु एकीचे स्वस्तपण परावलंबी होते आणि दुसरीचे स्वावलंबी. त्या दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावाचून हे ध्यानात येत नाही.

अशी बंदूक वाचताही येते. नळीच्या मुळाशी बारीक छाप असतात. लंबवर्तुळात कोरलेली ‘ई-एल-जी’ ही अक्षरे असतील, तर ती नळी बेल्जममधील लीएज येथे परीक्षेस उतरली होती असे समजावे. बर्मिंगहॅम येथे १८१३ साली स्थापन झालेल्या परीक्षागृहाचे छाप वेगळे. काही नळ्यांवर कसलाच छाप नसतो. दस्त्यावर पितळी पट्टी ठोकून भेग सांधलेली असते, घोड्याचा खिळा बदललेला असतो, चापाची कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली असते. राजाच्या तलवारीवर त्याच्या कारागिराचे कसब दिसते. या बंदुकीवर मात्र ती वापरणाराच्या रात्री दिसतात.

हे सारे खरे असले, तरी आपल्या देशात असली वस्तू बाळगणे हा नुसता छंद नव्हे, हे विसरून चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ठासणीच्या बंदुकीची शेतकऱ्याच्या दृष्टीने वेगळी दखल घेतली आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर कडक निर्बंध आले आणि बंदुकीचे काम बहुतांशी आवाजापुरते आकुंचित झाले. २०१९ साली एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. परवानाधारक निवर्तला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाने ठराविक मुदतीत तिची कायदेशीर व्यवस्था लावली नाही, तर ती सरकारजमा होते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणमूल्याच्या हत्यारास कलम ४५ अन्वये सूट आहे. पण आपल्या घरची बंदूक त्या वर्गात बसते की नाही, हा निवाडा घरच्या घरी करावयाचा नसतो. तो जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून लेखी करून घेणेच शहाणपणाचे. आणि जी बंदूक चालू शकते, ती तिच्या म्हातारपणामुळे निरुपद्रवी होत नाही. विसरून राहिलेला जुना बार आणि गंजून पातळ झालेली नळी यांनी खेळणाऱ्या मुलाचा घात होऊ शकतो.

येथेच खरा पेच आहे. कायदा कठोर असणे इष्टच आहे, कारण वस्तू प्राण घेणारी आहे. परंतु त्या कठोरपणाच्या धाकाने, किंवा नुसत्या आळसाने, घरोघरच्या जुन्या बंदुका मालखान्याच्या अंधारात जातात. त्यांच्यासोबत त्यांची हकीकतही जाते. ती कोणी घेतली, कोणत्या शेतावर वापरली, भेग कोणत्या लोहाराने सांधली हे सांगणारा म्हातारा एकदा गेला म्हणजे उरते ते केवळ लोखंड. बंदूक ठेवता आली नाही, तरी तिची हकीकत ठेवण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाही. जमा करण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावी, छाप उतरून घ्यावे, मापे टिपावी आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी वहीत लिहून ठेवाव्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजाला एवढे जड जाऊ नये.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या, तेव्हा त्यांत जमविण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटले असेल. त्यातूनच राजा केळकर संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली तो संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य माणसाच्या वस्तूंतून सामान्य माणसाचा इतिहास वाचता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. माळ्यावरच्या बंदुकीलाही तोच न्याय लागू आहे. तिने कोणतीही लढाई जिंकली नाही, कोणाचे राज्य राखले नाही. तिने चार एकर ज्वारी राखली आणि ज्या घरात ती ज्वारी आली, त्या घराची पुढची पिढी त्यावर वाढली. एवढी कामगिरी ज्या वस्तूच्या नावावर आहे, तिची नोंद कोठेतरी असणे उचित होय.