पिठाची धूळ, दमा आणि रक्ताची नवी तपासणी
बेकरीमालक व कारागिरांसाठी उपयुक्त माहिती

पावाच्या भट्टीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कारागिराला एके दिवशी शिंका सुरू होतात. नाक गळते, डोळे चुरचुरतात. काही महिन्यांनी छातीत घरघर सुरू होते. गावी गेला की बरे वाटते, परतून मैद्याचे पोते उघडले की पुन्हा तेच. शेवटी हातचा हुन्नर असूनही धंदा सोडण्याची पाळी येते. कारागिराची रोजी जाते आणि मालकाचा तयार माणूस जातो. बेकरीच्या धंद्यात आपल्या समाजातील बरेच लोक असल्याने हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा आजार नवा नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पिठाच्या धुळीने बेकरांना होणाऱ्या त्रासाची नोंद आहे. आज याला ‘बेकरांचा दमा’ म्हणतात. गहू व राईच्या पिठाइतकीच पाव फुगण्यासाठी वापरली जाणारी इम्प्रूव्हर पावडरही याला कारण ठरते. तिच्यात बुरशीपासून काढलेले अमायलेज नावाचे पाचकद्रव्य बहुधा असते.

तपासणीत नवे काय?

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यांचा शोध 1966-67 च्या सुमारास लागला. नेहमीच्या तपासणीत गव्हाचा अर्क टोचून कातडीवर गांधी उठते का ते पाहतात, किंवा रक्तात गव्हाविरुद्धचे आयजीई मोजतात. पण गव्हात अनेक प्रथिने आहेत. त्यांतील काही गवताच्या परागांतील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे परागांची ॲलर्जी असलेल्याची गव्हाची तपासणीही ‘पॉझिटिव्ह’ येते, जरी पिठाचा त्याला काही त्रास नसला तरी.

रेणूवार तपासणीत प्रत्येक प्रथिन वेगळे घेतात. 2011 च्या सुमारास आलेल्या एका चिपवर असे 112 रेणू होते आणि त्यासाठी रक्ताचे थोडे थेंब पुरत. प्रत्येक रेणूला गव्हाच्या शास्त्रीय नावावरून ‘ट्राय ए’ आणि पुढे क्रमांक असे नाव असते. ‘ट्राय ए 12’ परागांशी साम्य असलेले आहे. केवळ तेच पॉझिटिव्ह आले तर बहुधा चिंता नसते. ‘ट्राय ए 19’ मात्र गंभीर आहे. ज्यांना याची ॲलर्जी असते त्यांनी चपाती वा पाव खाऊन लगेच पोती उचलण्यासारखे कष्टाचे काम केले, तर अंगभर गांधी उठून रक्तदाब कोसळू शकतो. बुरशीच्या अमायलेजसाठीही वेगळा रेणू आहे. तोच दोषी निघाला तर पीठ न सोडता पावडर बदलूनही काम भागू शकते. कारागिराच्या रोजीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

मर्यादा ओळखाव्यात

बेकरांच्या दम्यात सर्वांना लागू पडेल असा एकच रेणू नाही. म्हणून आधी पूर्ण पिठाच्या अर्काची साधी तपासणीच करावी. निष्कर्ष संदिग्ध असल्यास रेणूवार तपासणीचा खर्च करावा. तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार असेच नव्हे. श्वासाचा जोर मोजणारे स्वस्त पीक फ्लो मीटर कामाच्या दिवशी व सुटीच्या दिवशी दिवसातून चार वेळा वापरून आकडे लिहून ठेवावेत. ही वही डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी करावी.

‘आयजीजी’ मोजून शंभर पदार्थ बंद करायला सांगणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ही पद्धत नाकारली आहे.

चामड्याच्या कामात क्रोमियममुळे किंवा नकली दागिन्यांच्या कामात निकेलमुळे हातांना खाज व भेगा पडत असतील, तर आयजीईच्या रक्ततपासणीचा उपयोग नाही. ती वेगळ्या प्रकारची ॲलर्जी आहे. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी त्या काढून पाहतात.

मालकांनी काय करावे?

मैदा उंचावरून ओतू नये. मिक्सरला झाकण असावे आणि सुरुवातीला तो संथ चालवावा. पिठी हाताने उधळू नये, चाळणीने टाकावी. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने सफाई करावी. पावडरऐवजी पातळ वा पेस्ट स्वरूपातील इम्प्रूव्हर मिळतो का, याची व्यापाऱ्याकडे चौकशी करावी.

धंद्यामुळे होणारा दमा 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला होता, हे मालक व कारागीर दोघांनीही ध्यानात ठेवावे. त्रास सुरू झाल्यावर धुळीपासून जितक्या लवकर दूर होता येईल, तितकी सुधारणेची आशा अधिक असते. वर्षे वाया घालवली तर काम सोडल्यावरही दमा राहू शकतो. म्हणून पहिल्या शिंकांकडेच लक्ष द्यावे, असे आमचे सांगणे आहे.