आवाज पुढून येतो, पण कशातून?
जुनी गाडी, आपला रस्ता : भाग ६

नांदेडहून चौपदरी रस्त्याने येणारी जुनी मर्सिडीज अहमदपूरपर्यंत हूं की चूं करत नाही. तीच गाडी किनगावच्या बाजूला वळली आणि पहिला गतिरोधक लागला, की पुढच्या चाकापाशी ‘खट्ट’ होतं. मालक गॅरेज गाठतो. आपल्याकडे या दुखण्याचं निदान गाडी बघायच्या आधीच ठरलेलं असतं : शॉकअप गेले. दोन्ही बदलले जातात, बिल चांगलं दणकून येतं आणि आवाज जिथल्या तिथे राहतो.

शॉकअप खराब झाला तर गाडी झोके खाते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. पण ‘खट्ट’ असा कोरडा आवाज तो एकटा क्वचितच काढतो. म्हणून पहिला खर्च त्याच्यावर करू नका.

आज नमुन्यादाखल ‘डब्ल्यू १२४’ ही जुनी ई-क्लास घेऊ. मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ साली भारतात उभी राहिली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात हीच गाडी जोडली जाऊ लागली. त्या काळी ती उद्योगपतींच्या दारात असायची. आता हातोहात फिरत ती तालुक्याच्या गावीही दिसते. विकणारा मीटर दाखवतो, गाडी किती कमी चालली आहे ते सांगतो. रबराला मात्र किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. चाळीस अंशांवरचे पंचवीसेक उन्हाळे काढलेला बुश, गाडी उभी असली तरी, तडकलेलाच असणार.

आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो कधी येतो हे लिहून काढा. पत्र्यातून आवाज पळतो. डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो, त्यामुळे कानावर फार विसंबू नये. डिकीतला जॅक, स्टेपनी, बॅटरीची पट्टी, बॉनेटचा खटका हे आधी घट्ट करून घ्या. हसू नका, सस्पेन्शनच्या नावावर यांनीही पुष्कळांचे पैसे खाल्ले आहेत. मग खडबडीत रस्त्यावर हळू चालवत ब्रेकवर पाय नुसता टेकवून पाहा. आवाज तेवढ्यापुरता बंद झाला तर ब्रेक पॅड त्याच्या घरात खडखडतो आहे. सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही.

आता गतिरोधक. एकदा त्यावरून गाडी सरळ न्या, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशी. मग तोच गतिरोधक तिरका घ्या, आधी एक चाक आणि मागाहून दुसरं. सरळ जाताना गाडी गप्प आणि तिरकी जाताना खटखट, असं झालं तर संशय जंपिंग रॉडवर. हा रॉड दोन्ही बाजूंच्या खालच्या चिमट्यांना, म्हणजे लोअर आर्मना, एकमेकांशी बांधतो. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर तो आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. एकच गेलं तर त्याला पिळलेल्या धुण्यासारखा पीळ बसतो आणि सैल बुशात तो आपटतो. आपले आतले रस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, रस्ता लाटांचा होतो आणि डावं-उजवं चाक कधीच एका पातळीत राहत नाही. त्यामुळे आपल्या भागात हा रॉड सतत पिळला जातो. डब्ल्यू १२४ मध्ये त्याचे बुश थेट चॅसीवर आणि चिमट्यावर बसतात, वेगळा लिंक रॉड नसतो. पुढच्या पिढ्यांच्या बहुतेक गाड्यांत तो असतो आणि बारीक खडीवर होणाऱ्या ‘कटकट’चा तोच पहिला संशयित. दोन्ही कामं सगळ्यांत स्वस्तातली.

यानंतर बॉल जॉइंट. चुका सगळ्यांत जास्त इथे होतात. मेकॅनिक गाडी बॉडीखालून उचलतो, चाक लोंबकळत ठेवतो, वरून-खालून धरून हलवतो आणि सांगतो, ‘प्ले नाही, जॉइंट चांगला आहे.’ ज्या गाडीची स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली असते, म्हणजे मॅकफर्सन पद्धतीची, तिला ही रीत चालते. डब्ल्यू १२४ ची बांधणी निराळी. तिची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, थेट खालच्या चिमट्यावर बसते. चाक लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंग चिमट्याला खाली रेटत राहते, जॉइंट ताणलेला राहतो आणि झिजलेला असला तरी हलत नाही. तपासायचं असेल तर जॅक चिमट्याखाली, चाकाच्या जवळ लावा. स्प्रिंग दबली, जॉइंटवर फक्त चाकाचं ओझं उरलं, की टायरखाली पहार घालून हळूच उचला. तेव्हा कुठे लबाडी उघड होते. बॉडीखाली घोडी लावल्याशिवाय मात्र कोणीही आत वाकू नये. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून माणसं जिवानिशी गेली आहेत.

चाक वरून-खालून हललं तर ते बॉल जॉइंटमुळे की बेअरिंगमुळे? कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जखडली. तरीही हललं तर बॉल जॉइंट. या गाडीचं पुढचं बेअरिंग नटाने जुळवता येतं, म्हणजे दोष बेअरिंगचा निघाला तरी लगेच नवं आणायची घाई नको. चाक डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड पाहा, आणि त्याबरोबर आयडलर आर्मचे बुशही. या जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगमध्ये आयडलर आर्म असतो आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि ‘कट’ वाजलं, तर बॉनेट उघडा. शॉकअपच्या वरच्या टोकाचं रबरी माउंट तिथेच दिसतं. त्यावर पंजा ठेवा, दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवू द्या. आवाज हाताला कळतो, कानापेक्षा जास्त नेमका. ब्रेक मारताना आणि सोडताना एकेकदा ‘धप्प’ होत असेल तर चिमट्याचे बुश गेले.

कुई-कुई आवाजाची तऱ्हा वेगळी. पाण्याची स्प्रे बाटली घ्या आणि एकेक बुश भिजवत गाडीचं नाक दाबत जा. ज्याला पाणी लागताच कुरकूर थांबते तो सापडला. पाणीच वापरा. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, ‘गंज लागत नाही साहेब’ म्हणून. पत्र्याचं काय व्हायचं ते होवो, पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि बुश वेळेआधी जातो. धुणाऱ्याला पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवा.

बदलायची वेळ आलीच तर दोन गोष्टी मेकॅनिकला डोळ्यांसमोर करायला लावा. चिमट्याच्या बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे पूर्ण वजन आल्यावर टाईट करायचे. हवेत लोंबकळताना टाईट केले तर गाडी खाली येताच नवा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. हेच बोल्ट कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकांचे कोन जुळवण्याचेही आहेत, म्हणून काम झालं की अलाइनमेंट करावीच लागते. दुसरी गोष्ट स्प्रिंगच्या वरच्या रबरी पॅडची. त्याच्या कडेला बारीक उंचवटे असतात, एक ते चार. जितके उंचवटे जास्त तितका पॅड जाड. काढताना मोजून ठेवा, तसाच पॅड आणा. नाहीतर गाडी एका खांद्याने झुकते आणि मग वेगळीच तक्रार सुरू होते.

चिमट्याचे बुश बदलायला स्प्रिंग काढावी लागते, आणि ती आतून दाबणारं खास हत्यार लागतं. साखळी, दोर, हुक असले जुगाड कुणी सुचवले तर चावी घेऊन सरळ बाहेर पडा. ते हत्यार ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच, मग लातूर असो, नांदेड असो की पुणे, गाडी न्या. शॉकअप काढतानाही चिमट्याला खालून आधार हवाच, कारण चिमटा खाली किती यावा हे त्या गाडीत शॉकअपच ठरवतो.

या सगळ्या आवाजांची निकड सारखी नाही. जंपिंग रॉडचा बुश महिनाभर खटखटला तरी काही बिघडत नाही. बॉल जॉइंटमध्ये प्ले सापडला तर मात्र ती गाडी लातूरपर्यंतही चालवत नेऊ नका. जॉइंट सुटला की चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. टो करून न्या.