नोंद खुली आहे, पण ठेवली कुठे आहे?

दस्तऐवजाच्या शोधात : भाग ५

गेल्या भागात आपण अमेरिकेतल्या काउंटीच्या दप्तरात घर-जमिनीचे कागद कसे शोधायचे ते पाहिलं. आजचे कागद बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत, कधी शेजारच्याच खिडकीवर मिळतात, पण हाती लागायला बरेच अवघड असतात. ते म्हणजे फौजदारी खटल्यांच्या नोंदी.

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे कधी लागतं? आईवडिलांची काळजी घ्यायला घरात माणूस ठेवताना, किंवा वरची खोली भाड्याने देताना. पण खरी निकड भासते ती नागरिकत्वाचा अर्ज भरताना. एन-४०० या अर्जात आजवर कधी अटक झाली होती का, पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं का, चलन दिलं होतं का, असं स्पष्ट विचारतात. अटक झाली असेल, तर पुढे त्या प्रकरणाचं काय झालं हे दाखवणारी न्यायालयाची प्रमाणित नक्कल जोडावी लागते. न्यायालयाने ती नोंद नंतर पुसून टाकली असली, तरी अर्जात सांगावीच लागते. अटक झालेली नसेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि ५०० डॉलरच्या आतला दंड भरून वाहतुकीचं प्रकरण मिटलं असेल, तर कागद जोडण्यातून सुटका आहे. आता विद्यार्थी असताना मित्रांच्या गाडीतून बिग बेंडच्या डोंगरात फिरायला गेलेला, वाटेत गाडीची झडती होऊन एक रात्र कोठडीत काढलेला मुलगा आज चाळिशीचा आहे, ह्यूस्टनला राहतो आणि त्याला तो कागद हवा आहे. त्याने कुठे जायचं?

आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष घातलं, की तालुक्याच्या न्यायालयातला खटलाही दिसू शकतो. त्यामुळे अमेरिकेत हे काम याहून सोपं असणार असं आपण धरूनच चालतो. काही राज्यांत ते आहेही. विस्कॉन्सिनच्या सगळ्या ७२ काउंट्यांचे खटले एकाच संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ओक्लाहोमा आणि मिसुरीतही घरबसल्या बरंच काम होतं. न्यू यॉर्कमध्ये न्यायालयीन प्रशासन राज्यभराचा शोध घेऊन देतं, पण एका नावाचे ९५ डॉलर घेतं. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि राज्य बदललं की रीत बदलते. म्हणून सगळ्यांची जंत्री देत बसण्यापेक्षा एकच मुलूख धरू : पश्चिम टेक्सास, ब्रूस्टर काउंटी.

ही टेक्सासच्या २५४ काउंट्यांमधली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी. सोळा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडी जास्तच. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत ९,५४६. अल्पाइन हे काउंटीचं मुख्य ठिकाण, आणि निम्म्याहून जास्त माणसं त्या एका गावात राहतात. दक्षिणेला टर्लिंग्वासारख्या वस्त्या ऐंशी मैलांवर आहेत आणि पलीकडे रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिको. इथे नोंद शोधायची तर पहिला प्रश्न ‘कोण?’ हा नसतो. ‘कुठे घडलं?’ हा असतो.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. खटला माणूस राहतो त्या काउंटीत चालत नाही, गुन्हा जिथे घडला असं म्हणतात तिथे चालतो. विरळ वस्तीच्या काउंट्यांत तर अनेक आरोपी वाटसरूच असतात. ब्रूस्टरच्या वायव्येला हडस्पेथ काउंटी आहे, जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीची. तिच्या सिएरा ब्लांका गावाजवळ इंटरस्टेट १० या महामार्गावर सीमा गस्ती दलाचा तपासणी नाका आहे. गावोगाव कार्यक्रम करत हिंडणाऱ्या नावाजलेल्या गायकांच्या बसेसही तिथे गांजापायी अडकल्या आहेत. त्यांच्या नोंदी लॉस एंजेलिसला किंवा ऑस्टिनला शोधून उपयोग नाही, त्या सिएरा ब्लांकाच्या छोट्या कोर्टात आहेत. आपल्या ह्यूस्टनकराला आधी आठवावं लागेल की गाडी नेमकी कोणत्या काउंटीच्या हद्दीत अडवली होती. आठवत नसेल, तर जामिनाची पावती, वकिलाचं जुनं पत्र, गाडी सोडवल्याची पावती असं काहीतरी घरात शोधावं.

यातच एक जास्तीचा गुंता आहे. टेक्सासच्या ३९४ व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे ब्रूस्टर, कल्बर्सन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि प्रेसिडिओ अशा पाच काउंट्या आहेत. न्यायाधीश एकच, पण प्रत्येक काउंटीचं दप्तर वेगळं. कागदावर ३९४ वं कोर्ट असा शिक्का पाहून अल्पाइनला फोन केला आणि ‘इथे असा खटला नाही’ असं उत्तर मिळालं, तर निराश होऊ नये. फाइल बाकीच्या काउंट्यांच्या ठिकाणी, मार्फाला किंवा फोर्ट डेव्हिसला, पडलेली असू शकते.

ठिकाण कळलं की दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या वजनाचा. टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्यांना फेलनी म्हणतात. ते डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांचं दप्तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतं. त्याखालचे मिस्डिमिनर : अ वर्गाला एक वर्षापर्यंत कैद, ब वर्गाला १८० दिवसांपर्यंत. हे काउंटी पातळीवर चालतात आणि कागद काउंटी क्लार्ककडे राहतात. क वर्गाला फक्त दंड, जास्तीत जास्त ५०० डॉलर. ते प्रकरण जस्टिस ऑफ द पीसकडे किंवा गावाच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. म्हणजे एकाच रात्री एकाच गाडीतल्या तिघांच्या तीन नोंदी तीन दप्तरांत असू शकतात.

हे क्लार्क आपल्या न्यायालयातल्या शिरस्तेदारासारखे नेमलेले नसतात, मतदार त्यांना चार वर्षांसाठी निवडून देतात. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत राज्यघटनेनेच सवलत दिली आहे की दोन्ही पदं मिळून एकच माणूस निवडावा. जेफ डेव्हिसची वस्ती दोन हजारांच्या आत, तिथे तसंच आहे. मिस्डिमिनर ऐकणारे काउंटी जज अशा ठिकाणी काउंटीचा कारभारही पाहतात आणि त्यांनी वकील असलंच पाहिजे असं बंधन नाही. जस्टिस ऑफ द पीसला तर वकिली लागत नाहीच, शिवाय जिथे शासकीय वैद्यकीय परीक्षक नाही तिथे अचानक झालेल्या मृत्यूचा पंचनामाही तोच करतो. शहरातल्या माणसाला हे सगळं विस्कळीत वाटेल. माझं मत उलट आहे. अशा काउंटीत फोन उचलणारी व्यक्ती बहुधा तीच असते जी कपाट उघडून फाइल काढणार असते. नम्रपणे, नेमक्या शब्दांत विचारलं तर मोठ्या शहराच्या चकचकीत पोर्टलपेक्षा लवकर काम होतं.

नेमके शब्द म्हणजे काय? पूर्ण नाव, जन्मतारीख, अंदाजे वर्षं आणि शक्य असल्यास कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक. ‘माझ्यावर काही आहे का ते बघा’ असं म्हणू नये. ‘२०११ ते २०१३ या काळात या नावावर दाखल झालेला मिस्डिमिनर खटला आणि त्याच्या अंतिम निकालाची प्रमाणित नक्कल हवी आहे’ असं म्हणावं. साध्या नकलेला पानामागे एक डॉलर लागतो, प्रमाणित करण्याचे पैसे वेगळे. पत्र पाठवणार असाल तर आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवा आणि पैसे मनी ऑर्डरने चालतील की कार्डने, हे फोनवर आधीच विचारून घ्या.

नावाच्या बाबतीत आपल्या लोकांनी विशेष जपावं. लग्नानंतर मराठी बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. रस्त्यावर पोलिसाने आडनाव ऐकून जे स्पेलिंग लिहिलं, तेच दप्तरात गेलेलं असतं. मधलं नाव आडनावाच्या जागी पडण्याचे प्रकारही होतात. म्हणून सगळी रूपं एकाच पत्रात द्यावीत. उलट दुसऱ्याची नोंद तपासताना, विशेषतः या सीमाभागात, दोन आडनावं लावणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची सारखी नावं डझनाने सापडतील. जन्मतारीख जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका.

मग इंटरनेटवर काहीच नाही का? आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर सुमारे एक डॉलर भरून नावाने शोध घेता येतो. त्यात दोषसिद्धी दिसते, आणि ज्याला ‘डिफर्ड ॲड्ज्युडिकेशन’ म्हणतात ती प्रकरणंही. मात्र क वर्गाचे किरकोळ गुन्हे तिथे सहसा पोचतच नाहीत. बाकीची माहिती काउंट्यांनी कळवायची असते आणि ती अपुरी येते, हे राज्याच्या लेखापरीक्षकांनी एकाहून अधिक वेळा दाखवून दिलं आहे. त्यामुळे तिथे ‘नोंद नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ एवढाच, की तिथपर्यंत नोंद आलेली नाही. सध्या राज्याच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांचा शोध आणि लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही या दोन्ही सोयी मोफत आहेत. काउंटीच्या कोठडीत कोण आहे हे शेरीफचं कार्यालय सांगतं.

केंद्रीय खटले अगदी वेगळे. बिग बेंड राष्ट्रीय उद्यान ब्रूस्टरमध्येच आहे, आणि उद्यानाच्या रेंजरने केलेली कारवाई काउंटीकडे न येता केंद्रीय न्यायव्यवस्थेकडे जाते. सीमेवरच्या मोठ्या तस्करीचंही तेच. त्यासाठी पेसर ही केंद्रीय न्यायालयांची सेवा आहे. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर, आणि तीन महिन्यांत तीस डॉलरपर्यंतच खर्च झाला तर तो माफ.

‘एका मिनिटात कुणाचीही कुंडली’ अशी जाहिरात करणाऱ्या खासगी संकेतस्थळांबद्दल फार लिहीत नाही. गावाकडच्या काउंटीत त्यांचा माणूस कपाट उघडायला गेलेला नसतो. शिवाय पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांनीच लिहिलेलं असतं, की ही माहिती नोकरीवर ठेवण्यासाठी किंवा भाडेकरू निवडण्यासाठी वापरू नये. त्या कामांना १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागू आहे. नोकरीसाठी एजन्सीकडून माहिती काढायची तर त्या माणसाची लेखी संमती घ्यावी लागते, आणि तिच्या आधारे नकार द्यायचा तर त्याला अहवालाची प्रत आधी द्यावी लागते. घरकामाला ठेवलेली बाई असली म्हणून हा नियम सुटत नाही.

आता फाइल हातात आली असं समजू. ती वाचायची कशी? अटक म्हणजे दोष नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कागद पाहिल्यावर सगळेच विसरतात. फेलनीच्या बाबतीत अटकेनंतर प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर जातं. तिथे बारा नागरिक असतात आणि खटला उभा राहायला नऊ जणांची संमती लागते. छोट्या काउंटीत ग्रँड ज्युरी रोज बसत नाही, त्यामुळे अटक झालेली असूनही काही महिने डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे त्या नावाचा खटलाच नसतो. कागद तेव्हा जस्टिस ऑफ द पीसकडे असतात. ग्रँड ज्युरीने नकार दिला तर त्याला ‘नो बिल’ म्हणतात. खटला सहसा तिथेच संपतो, पण अटकेची नोंद आपोआप जात नाही. ती पुसायला न्यायालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

सर्वांत फसवा प्रकार मघाशी उल्लेखलेला डिफर्ड ॲड्ज्युडिकेशनचा. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आव्हान देत नाही, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतात, देखरेखीचा काळ नीट पार पडला की खटला बंद होतो. टेक्सासच्या कायद्याने ही दोषसिद्धी नाही. पण केंद्राचा स्थलांतर कायदा कबुली आणि न्यायालयाने घातलेलं बंधन या दोन गोष्टी पाहतो आणि त्याला दोषसिद्धी मानू शकतो. ‘केस डिसमिस झाली होती’ असं सांगत नागरिकत्वाच्या मुलाखतीला बिनधास्त जाणाऱ्या माणसाला तिथे धक्का बसतो. फाइलमध्ये हे शब्द दिसले तर अर्ज भरण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला फी मोजा. त्यात काटकसर नको.

अल्पवयीनांच्या नोंदी मिळत नाहीत, न्यायालयाने झाकलेल्या मिळत नाहीत, पुसलेल्या तर अस्तित्वातच नसतात आणि क्लार्क ‘काही नाही’ असंच सांगणार. तुमचंच प्रकरण पुसलं गेलं असेल, तर पुसल्याचा आदेश जपून ठेवा. तुमचा स्वतःचा देशभरातला तपशील एफबीआयकडून १८ डॉलर आणि बोटांचे ठसे देऊन मागवता येतो. कोणत्या काउंटीत घडलं हेच आठवत नसेल, तर सुरुवात तिथूनच केलेली बरी.

ज्यांना एन-४०० भरायचा आहे त्यांना एवढंच सांगतो : मुलाखतीची तारीख हातात पडल्यावर धावपळ करू नका. छोट्या काउंटीचं कार्यालय दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद असू शकतं, क्लार्क रजेवर असू शकतो, जुनी फाइल शोधायला वेळ लागू शकतो. पत्र या आठवड्यात टाका, आणि प्रमाणित नकला दोन मागवा. एक अर्जाला, एक घरच्या कपाटात.