लॅपटॉप झोपतो, पण उठत नाही

झाकण उघडले की पंखा फिरतो, की-बोर्डचे दिवे लागतात, पडदा मात्र काळाच राहतो. मग पॉवरचे बटण दाबून धरायचे आणि सेव्ह न केलेल्या कामावर पाणी सोडायचे. उबुंटू किंवा फेडोरा ही लिनक्सची वितरणे वापरणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे, सातारा-कराडच्या महाविद्यालयांतही संगणक शिकणाऱ्यांची लिनक्सशी गाठ पडतेच. अशा मुलांना बहुतेक वेळा एकच सल्ला ऐकायला मिळतो : लिनक्स काढा, विंडोज टाका. हा सल्ला आजार न तपासता दिलेला असतो. आणि लिनक्सचे वैशिष्ट्य हेच, की झोपेचा बिघाड नेमका कुठे झाला हे ते वापरणाऱ्याला स्वतः तपासू देते.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ‘एसीपीआय’ हे वीज-व्यवस्थापनाचे मानक आणले. त्यातल्या ‘एस-३’ अवस्थेत प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स यांची वीज तुटते. रॅमला मात्र तिच्यातला मजकूर टिकवण्यापुरती मिळत राहते. उठताना आधी फर्मवेअर चालते (आपण त्याला सवयीने बायॉस म्हणतो), मग ताबा कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, येतो आणि कर्नल एकेका ड्रायव्हरला जागे करतो. ग्राफिक्स कार्डाची स्वतंत्र मेमरी तोवर रिकामी झालेली असते. ड्रायव्हरने ती पूर्ववत केली नाही, तर मशीन जागे आणि पडदा काळा. नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे, एस-३ अनेकदा नसतेच. तिच्या जागी ‘एस-टू-आयडल’ येते. यात वीज तुटत नाही, प्रत्येक भागाने आपणहून शांत बसायचे असते. एखादाही भाग जागा राहिला, तर साताऱ्याहून एसटीने सांगलीला पोहोचेपर्यंत बॅगेतला लॅपटॉप तापतो आणि बॅटरी उतरते. म्हणजे न उठणे आणि धड न झोपणे हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांच्यावर एकच औषध चालणार नाही.

आपल्याकडे कोणती झोप आहे, हे ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की कळते (प्रत्यक्षात हे सारे रोमन अक्षरांत टाइप करायचे). तिथे ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ यांपैकी ज्या शब्दाभोवती चौकोनी कंस, ती झोप चालू. ‘डीप’ म्हणजे एस-३. मग त्याच फोल्डरातली ‘पीएम_टेस्ट’ कामाला येते. तिच्यात अनुक्रमे फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर अशा पायऱ्या एकेक करून लिहायच्या आणि दर वेळी मशीन झोपवून बघायचे. मशीन त्या पायरीपर्यंतच झोपायला जाते, सुमारे पाच सेकंद थांबते आणि परत येते. फ्रीझरची पायरी सुखरूप पार पडली आणि डिव्हायसेसला मशीन अडकले, तर दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा. प्लॅटफॉर्मला अडकले, तर संशय फर्मवेअरवर. उठतानाच मशीन गोठत असेल, तर नोंद ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो, कारण रीस्टार्ट केल्यावर रॅममधले सगळे जाते. यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये काढलेला तोडगा मला फार आवडतो. रीस्टार्टनंतरही टिकते ते घड्याळ, म्हणून कर्नल उठताना प्रत्येक टप्प्याची खूण घड्याळाच्या चिपमध्येच लिहितो. ‘पीएम_ट्रेस’ चालू करून झोपवायचे, गोठले की तीन मिनिटांच्या आत रीस्टार्ट करायचे आणि कर्नलचा लॉग बघायचा. शेवटची खूण कुठल्या डिव्हाइसशी जुळते, हे तिथे दिसते. घड्याळात भलतीच तारीख येते, ती नंतर दुरुस्त करावी लागते, एवढीच किंमत.

‘मग विंडोजवर हाच लॅपटॉप कसा नीट उठतो?’ हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे, की बहुतेक लॅपटॉपचे फर्मवेअर विंडोज समोर ठेवूनच लिहिलेले आणि तपासलेले असते. फर्मवेअर विचारते, ‘तू कुठली विंडोज आहेस?’ आणि त्याचा नीट तपासलेला भागच चालावा म्हणून लिनक्सचा कर्नल विंडोजच्या आवृत्त्यांच्या नावांना होकार देतो. तरीही लिनक्सला निर्दोष म्हणता येणार नाही. नव्या कर्नलबरोबर नवा दोष येतो, हेही घडते. म्हणून बूट मेनूतून जुना कर्नल निवडून पाहणे ही पहिल्या तपासण्यांपैकी एक. जुन्यावर झोप नीट लागली, तर अर्धे निदान तिथेच झाले. एनव्हिडियाचे बंद-स्रोत ड्रायव्हर आणि उत्पादकाने न दुरुस्त केलेले बायॉस यांच्यापुढे मात्र वापरणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

दुसरा आक्षेप असा, की मुक्त प्रणालीला वाली कोण? वीज-व्यवस्थापनाच्या भागाची जबाबदारी राफाएल विसॉकी यांच्यासारखे ठरलेले लोक वर्षानुवर्षे वाहत आहेत. कर्नलच्या झोपेच्या कोडमध्ये लॅपटॉप मॉडेलांच्या नावांची यादीच आहे आणि त्या मॉडेलांसाठी तिथे वेगळी वागणूक लिहून ठेवली आहे. अशा दुरुस्त्या बहुधा कुणीतरी आपल्या मशीनचा लॉग जोडून तक्रार नोंदवल्यामुळे येतात. ‘झोप चालत नाही’ एवढ्या वाक्याने काही होत नाही. मॉडेल, बायॉसची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि पीएम_टेस्टची अडलेली पायरी लिहिली, तर ती तक्रार कुणीतरी हातात घेण्याजोगी होते.

‘झोपवायचेच कशाला, बंद करा’ म्हणणाऱ्यांनी लॅब, वाचनालय आणि खोली यांच्यात दिवसभर झाकण मिटत-उघडत फिरणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. हायबरनेटचा, म्हणजे रॅममधले सारे डिस्कवर लिहून मशीन बंद करण्याचा, पर्याय आहे, पण त्याला पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सिक्युअर बूट चालू असताना अनेक वितरणे तो अडवतात.

लॅपटॉप अजून घ्यायचाच असेल, तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात जा. त्यावरून मशीन सुरू करा, झाकण मिटून दहा मिनिटे थांबा आणि उघडून पाहा. पडदा उजळला, वायफाय जोडले गेले, आवाज आला, तरच पैसे मोजा.