पेय्याल आणि जेपेग : जुन्या कागदांच्या प्रतिमा लहान करताना

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ व 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. या दोन्ही पत्रांचे अंक महाराष्ट्र शासनाने 1990 साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने पुन्हा छापले, म्हणून आज ते कोणालाही वाचावयास मिळतात. परंतु आपल्या चळवळीचे सर्वच कागद इतके भाग्यवान नाहीत. स्मरणिका, वंदनेच्या पुस्तिका, सभांची पत्रके, धम्मदीक्षेच्या काळातील छायाचित्रे असे पुष्कळ साहित्य अद्याप घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे. नायगाव-वरळीच्या चाळी सोडून वाशी, नेरूळ, ऐरोली येथे राहावयास आलेल्या कुटुंबांनी त्या पेट्या सोबत आणल्या. खाडीकाठची दमट हवा आणि कसर यांपुढे जुना कागद फार काळ टिकत नाही. तेव्हा विहारांतील तरुण उपासक हे कागद स्कॅन करीत आहेत, हे उत्तमच होय. अडचण पुढे येते. फाइली अवाढव्य होतात, संगणकातील जागा संपते आणि कोणीतरी सल्ला देतो : “सगळे जेपेग करा आणि मूळ काढून टाका.” या सल्ल्याचा पूर्वार्ध योग्य आहे. उत्तरार्ध मात्र घातक आहे. तो का, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम या फाइली एवढ्या मोठ्या का होतात ते पाहू. ए-फोर आकाराचे पान इंचाला 300 बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर आडवे 2480 व उभे 3508, म्हणजे सुमारे 87 लक्ष बिंदू होतात. रंगीत प्रतिमेत प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे नोंदवावे लागतात. एकूण 2 कोटी 61 लक्ष बाइट, म्हणजे 26 एमबी. इंचाला 600 बिंदू घेतल्यास हा आकडा चौपट होऊन 104 एमबीवर जातो. संक्षेप न केलेल्या टिफ किंवा बीएमपी फाइलीत कोऱ्या समासाचा प्रत्येक बिंदूही असा स्वतंत्र लिहिलेला असतो.

ही नोंद लहान करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतील पहिला तिपिटकाच्या वाचकांना परिचित आहे. एखादा परिच्छेद पुनःपुन्हा येऊ लागला की लेखक केवळ ‘पे’ एवढे अक्षर लिहितो. हा पेय्याल. ज्याला मूळ परिच्छेद ठाऊक आहे तो वाचताना संपूर्ण पाठ जसाच्या तसा उभा करतो. काहीही हरवत नाही. (आवृत्तीगणिक पेय्यालाच्या जागा भिन्न असल्याने सुत्तांची संख्या मोजताना अभ्यासकांची तारांबळ उडते, ही गोष्ट निराळी. संगणकाच्या नियमात ही संदिग्धता नसते.) पीएनजी ही पद्धत, तसेच टिफमध्येच उपलब्ध असलेली एलझेडडब्ल्यू ही पद्धत याच जातीची होय.

जेपेगचा मार्ग दुसरा, सारांशाचा आहे. 1992 साली प्रमाणित झालेली ही पद्धत प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील छटा किती मंद वा किती झपाट्याने बदलते याचे गणित मांडते आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारीक बदल गाळून टाकते. या गणिताचा पाया बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 साली प्रसिद्ध केला. छायाचित्रासाठी ही रीत अप्रतिम आहे. आकाश, चेहरा, चीवराची घडी यांत छटा सावकाश बदलतात, त्यामुळे दहावा हिस्साच जागा लागूनही चित्र तसेच दिसते.

छापील अक्षराचे तसे नाही. काळी रेघ संपते तेथे पांढरा कागद एकदम सुरू होतो. जेपेग जो बारीक तपशील गाळते, नेमका तोच अक्षराची कड बनवितो. म्हणून अतिसंक्षेप केलेल्या पानावर अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात. पालीत अशा ठिपक्याचे मोल वेगळे सांगावयास नको. ‘धम्म’ हे संबोधन आणि ‘धम्मं’ ही द्वितीया, यांत भेद एका बिंदूचा. रोमन लिपीत तर त आणि ट यांतील फरक अक्षराखालच्या टिंबावरच अवलंबून आहे. अर्ध्या मिलिमीटरहून लहान टिंब इंचाला 300 बिंदूंच्या प्रतिमेत जेमतेम पाच बिंदू रुंद असते, म्हणजे ते जेपेगच्या एका चौकोनाहूनही लहान असते. 150 च्या प्रतिमेत त्याचे दोन-तीन बिंदूच उरतात.

याहून मोठा धोका पीडीएफ तयार करणाऱ्या काही यंत्रांत आढळला आहे. जेबिग-2 या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरे एकच मानून, एकीच्या जागी दुसरीचा ठसा वापरता येतो. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना 6 च्या जागी 8 छापीत होती. पान स्वच्छ दिसत होते, आकडा मात्र खोटा होता. आमच्या मते हे धुरकटपणापेक्षा वाईट. ‘धम्म’ आणि ‘घम्म’ यांत केवढा फरक आहे? पालीत घम्म म्हणजे उष्मा.

आता कृती. मूळ टिफ फाइली एलझेडडब्ल्यू पद्धतीने साठवाव्यात व दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. एक विहारात, दुसरी अन्यत्र. त्यांवरून वाचनासाठी जेपेग प्रती काढाव्यात. इरफानव्ह्यू या घरगुती वापरासाठी विनामूल्य असलेल्या कार्यक्रमात शेकडो फाइलींचे रूपांतर एकदम होते. मात्र नव्या प्रती निराळ्या फोल्डरमध्ये जातील असे पाहावे. गुणवत्तेचा आकडा छापील पानासाठी 85 च्या खाली नेऊ नये. शासनाने 1998 साली प्रकाशित केलेल्या 16 व्या खंडात बाबासाहेबांचा पाली शब्दकोश आहे. तशा दाट छपाईचे एक पान आधी रूपांतरित करून, पडद्यावर मोठे करून, अनुस्वार तपासावेत आणि मगच उरलेल्या फाइलींना हात घालावा. फाइलीच्या नावातील टिफ पुसून जेपीजी लिहिल्याने रूपांतर होत नाही, नाव तेवढे बदलते.

जेपेग प्रतीत दुरुस्ती करून ती पुन्हा जेपेग म्हणून साठविली की दर वेळी आणखी तपशील गळतो. नुसती नक्कल केल्याने काही बिघडत नाही. त्यामुळे कडा कापणे, उजळ करणे ही कामे मूळ टिफच्या प्रतीवर करावीत. व्हॉट्सॲपवर पान छायाचित्र म्हणून पाठविल्यास ते वाटेतच आणखी आकसते. तेथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नये. तो कोरड्या जागी, सपाट ठेवावा.